इगतपुरीचा काळा दगड आणि समुद्राचा तळ



मागच्या वर्षी पाचवीच्या वर्गात माझ्याकडून एक चूक झाली. 'भूपट्ट म्हणजे लाव्हारसावर तरंगणाऱ्या होड्या' असं सांगून मी मोकळी झाले. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग विहीर खूप खोल खणली तर लाव्हा लागेल का?" मी गप्पच. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की भूपट्टांखालचं प्रावरण बहुतेक घनच आहे. फक्त प्रचंड उष्णतेमुळे ते अतिशय सावकाश सरकतं. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. हा धडा अटलांटिकच्या आकृतीपासून नको, आपल्या दगडापासून सुरू करावा.

कसारा घाटातले, कळसूबाईचे कातळ बेसाल्टचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून ते बनले. भूवैज्ञानिकांनी त्यातल्या एका थरसमूहाला चक्क 'इगतपुरी' नाव दिलंय! पुढे, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून वेगळा झाला. मधल्या भेगेतून लाव्हा वर येऊन थिजत राहिला आणि नवा समुद्रतळ दोन्ही बाजूंना सरकत गेला. तीच आज अरबी समुद्रापलीकडची, पाण्याखालची कार्ल्सबर्ग पर्वतरांग. तिथे आजही वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर नवा तळ तयार होतो. आपली नखंही जवळपास त्याच गतीनं वाढतात.

पण हे कशावरून? इथे एक सोपी कृती करा. ओढ्यातली काळी रेती आणून त्यावरून चुंबक फिरवा. बारीक कण चिकटतात. लाव्हा थंड होताना अशा कणांचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत स्थिर होतं, आणि ती दिशा अधूनमधून उलटते. म्हणून पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट चुंबकत्वाचे सारखे पट्टे दिसतात. १९६२ मध्ये 'ओवेन' या ब्रिटिश जहाजानं कार्ल्सबर्गवर मोजणी केली. त्याच नोंदींच्या आधारे १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी हे पट्टे उलगडून दाखवले. आपल्या दख्खनच्या दगडातलं चुंबकत्वही सांगतं, की तो थिजला तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती!

काही पालक म्हणतात, "प्राथमिकच्या पोरांना एवढं कशाला? परीक्षेत थोडंच येतं?" मान्य, 'सागरतळ विस्तार' ही व्याख्या पाठ करून घेऊच नका. पण 'कशावरून?' हे विचारायची सवय याच वयात लागते. त्या मुलीनं विचारलं नसतं, तर माझी होडी अजून लाव्ह्यावर तरंगतच राहिली असती.

तुमच्या गावचा दगड कोणता? वर्गात करून बघा आणि अनुभव जरूर कळवा.