गाडीच्या दाराचा गंज आणि अंगणातला स्प्रे



गेवराईच्या एका आपांचं पत्र या महिन्यात आलं. त्यांच्याकडे बारा वर्षांची पांढरी गाडी आहे. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराला खालच्या कडेला वीतभर फुगे आलेत आणि एका ठिकाणी रंग सुटून तपकिरी पत्रा दिसतोय. गॅरेजवाल्याने पूर्ण दाराचा भाव सांगितला, तो ऐकून शोहर गप्प बसले. पॉलिटेक्निकला जाणारा मुलगा म्हणतो, "अम्मी, दोन स्प्रे कॅन आणून द्या, मी अंगणातच करतो." दिराचं म्हणणं तिसरंच. वरून पुट्टी ओढा, रंग उडवा आणि रमजानच्या आधी गाडी विकून मोकळे व्हा, गिऱ्हाईक तर ठरलेलंच आहे. पत्राच्या शेवटी आपा लिहितात, "गिऱ्हाईक आमच्याच मोहल्ल्यातलं आहे. काय करावं?"

आपा, मुलाचं ऐका. पण त्याला वाटतं तसं हे दोन कॅनचं आणि एका दुपारचं काम नाही, हेही त्याला सांगा. आठवडा धरून चाला. त्यातला रंग मारण्याचा वेळ तासाभराचा. बाकी सगळं घासणं, पुसणं आणि वाट बघणं.

आधी हा गंज आला कुठून ते समजून घेऊ, कारण दिराच्या सल्ल्याचं उत्तर त्यातच आहे. पावसाचं पाणी दाराच्या काचेवरून ओघळतं आणि रबराच्या पट्टीतून थोडंफार दाराच्या आत उतरतं. प्रत्येक गाडीत उतरतं, तो दोष नाही. ते बाहेर पडावं म्हणून कंपनी दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन भोकं ठेवते. दार उघडून खाली वाकून बघा, दिसतील. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उडवलेली धूळ आणि पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल यांनी ही भोकं बुजतात. मग पाणी दाराच्या पोटात साचून राहतं. खाली जिथे बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, त्या घडीत ओल मुरते आणि गंज आतून बाहेर खात येतो. बाहेर फुगा दिसतो तेव्हा आतलं काम बरंच झालेलं असतं.

अशा पत्र्यावर बाहेरून पुट्टी ओढली तर काय होतं, हे मी पैसे मोजून शिकलोय. काही वर्षांपूर्वी बीडमध्येच ओळखीच्या माणसाकडून जुनी गाडी घेतली. दारं चकाचक. पहिल्या पावसाळ्यात फुगा आला. दुसऱ्या पावसाळ्यात बार्शी नाक्याजवळच्या गतिरोधकावर गाडी आदळली आणि तळहाताएवढी पुट्टी गळून रस्त्यावर पडली. मागे राहिली ती चाळणी. त्या गृहस्थांशी सलाम-दुआ आजही आहे. पण जुम्याला सफमध्ये ते शेजारी येऊन उभे राहिले की मला ते दार आठवतं, आणि मला वाटतं त्यांनाही आठवत असावं. ओल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपल्या घराघरात सांगितली जाते. तो ढीगही वरून कोरडाच होता.

तेव्हा विकायची असेल तर दोन रस्ते आहेत. गंज आहे तसा दाखवून भाव कमी घ्या, किंवा नीट दुरुस्त करा आणि काय केलं ते सांगा. मुलाला प्रत्येक टप्प्याचा फोटो मोबाइलमध्ये काढायला सांगा आणि ते फोटो गिऱ्हाइकाला द्या. माझ्या अनुभवात असे फोटो पाहिलेला माणूस भावासाठी फार घासाघीस करत नाही. आणि तुम्ही स्वतः जुनी गाडी घ्यायला गेलात, तर साधं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून सोबत न्या. पत्र्यावर ते घट्ट धरतं, जाड पुट्टीवर ढिलं पडतं किंवा धरतच नाही. दारांच्या कडा आणि चाकांवरच्या कमानी यांवरून आधी फिरवा.

आता काम. पहिली परीक्षा स्क्रू-ड्रायव्हरची. फुग्याच्या जागी त्याचं टोक जोर न लावता दाबून बघा. पत्रा टणक लागला तर पुढे चला. टोक आरपार गेलं तर थांबा. भोकावर पुट्टी चालत नाही. तिथला पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा लागतो आणि ते डेंटर मिस्त्रीचंच काम आहे. दाराखालची लांब पट्टी, म्हणजे पायरीचा भाग, किंवा छताला धरणारे खांब गंजले असतील, तर घरी हातसुद्धा लावू नका. अपघातात गाडीचा भार आणि आतल्या माणसांचा जीव त्यांच्यावर असतो. विम्याचा दावा करायचा असेल तरी सर्वेक्षक बघून जाईपर्यंत काहीच घासू नका.

पत्रा टणक असेल तर भोकं तारेने मोकळी करा, दारात मगभर पाणी ओता आणि ते खालून वाहतंय ना बघा. दोन दिवस दार उन्हात वाळू द्या. मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने गंज घासा, चमकता पत्रा दिसेपर्यंत. फुग्याच्या भोवतीचा चांगला दिसणारा रंगही दोन-तीन बोटं घासावा लागतो, कारण गंज रंगाखालून पसरलेला असतो. इथे मुलं कंटाळतात. फुगा होता त्याच्या तिप्पट जागा उघडी पडली की पोटात गोळा येतो, पण तसंच व्हायला हवं. बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरतात, त्यांवर फॉस्फरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावायचं. हातमोजे घालून, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ पाळून.

पुट्टी लागलीच तर थोडी. तिच्यासोबत हार्डनरची छोटी ट्यूब येते. प्रमाण वजनाने शंभराला दोनच्या आसपास, नेमकं डब्यावर असतं. लवकर वाळावी म्हणून जास्त हार्डनर घालण्याची आपल्याकडे खोड आहे. त्याने पांढऱ्या रंगातून महिन्याभरात पिवळट-तपकिरी डाग वर येतो. एका वेळी लिंबाएवढीच कालवा, पंधरा-वीस मिनिटांत ती दगड होते. आणि पुट्टी पाण्याने घासू नका. ती स्पंजसारखी पाणी धरते, आणि ते पाणी रंगाखाली अडकलं की पुन्हा फुगा. कोरड्या 120 ने आकार द्या, 240 ने सफाई करा. डोळे मिटून हात फिरवा. जे डोळ्यांना दिसत नाही ते तळव्याला लागतं.

वॉटर पेपर प्रायमर आणि रंगाच्या टप्प्यावर चालतो, पण मराठवाड्यात बोअरचं पाणी जड असतं. ते दारावर वाळलं की क्षारांचे डाग राहतात आणि त्यांवर रंग धरत नाही. शेवटचं धुणं घरातल्या फिल्टरच्या पाण्याने करा आणि लगेच पुसा. डॅशबोर्डला चमक आणणारं पॉलिश त्या दिवशी आसपासही नको. त्यातल्या सिलिकॉनने ताज्या रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात.

झाकायला कागद लागेल. वर्तमानपत्राची दुहेरी घडी चालते. फक्त रद्दीतून उर्दू पेपर किंवा मासिकाची पानं घेताना आयत, हदीस छापलेली पानं आधी बाजूला काढा. हे मी सांगायला नको, पण घाईत मुलांच्या लक्षात राहत नाही. (आमचा हा अंकही त्याच कारणाने वाचला, असं मी समजतो.) टेपची कड रंगाच्या बाजूला चिकटवून टाकू नका, थोडी उलटी वळवा, म्हणजे रंगाची सीमा तीक्ष्ण होत नाही.

जुने मिस्त्री स्प्रेच्या रंगाला अजून "ड्यूको" म्हणतात. ते अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीच्या एका रंगाचं नाव. 1920च्या दशकात तो आला, त्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागत, ते काम काही तासांवर आलं. रंगाचा कॅन त्यानंतरचा. 1949 मध्ये अमेरिकेतच एड सिमोर या रंगविक्रेत्याने पत्नी बॉनी यांच्या सुचवण्यावरून तो बनवला, असं सांगतात. घरी मिळणारा साधा कॅन अजून त्याच तत्त्वावर चालतो. रंगातलं पातळ द्रव्य हवेत उडून जातं आणि रंग मागे राहतो. म्हणून हवा कशी आहे यावर सगळं ठरतं. बीडच्या मे महिन्यात पत्रा इतका तापतो की रंग दारावर पोहोचण्याआधीच वाळतो आणि हाताला भुकटीसारखा लागतो. पावसाळ्यात हवेतली ओल रंगात अडकून तो दुधाळ होतो. सध्याचे थंडीचे दिवस सगळ्यांत चांगले. सकाळी दहाला सुरू करा, दव पडायच्या बरंच आधी, तीनच्या सुमारास संपवा. जागा सावलीची, अंगणात आधी सडा टाकून धूळ बसवलेली.

रंग घेताना "पांढरा द्या" म्हणू नका. मारुतीचा सुपीरियर व्हाइट वेगळा, दुसऱ्या कंपनीचा पांढरा वेगळा. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत इंजिनाजवळच्या किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो, तो लिहून न्या. तरीही बारा वर्षांच्या उन्हाने तुमचा पांढरा बदललेला आहे, म्हणून आधी पुठ्ठ्यावर मारून, वाळवून, गाडीशेजारी धरून बघा. आपा, तुमचं नशीब की गाडी पांढरी आहे. चंदेरी असती तर मी गॅरेजलाच पाठवलं असतं. त्या रंगातले धातूचे कण हाताच्या वेगाप्रमाणे बसतात आणि घरच्या कामात ढगासारखे पट्टे दिसतात. त्याच पांढऱ्या रंगाने दार रंगवायला कुणाची परवानगी लागत नाही. मुलाच्या डोक्यात अख्खी गाडी काळी करायचं आलं असेल, तर मात्र आरसी बुकावरचा रंग बदलून घ्यावा लागेल. एमएच-23 वाल्यांनी बीडला, एमएच-44 वाल्यांनी अंबाजोगाईला.

कॅन आतली गोळी खुळखुळायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवायचा. अंतर वीतभर किंवा किंचित जास्त. हात दाराच्या बाहेर सुरू करून दाराच्या बाहेरच थांबवायचा, मध्ये थबकला की ओघळ आलाच. पहिला हात इतका पातळ की खालचं दिसावं. दहा मिनिटांनी दुसरा. प्रायमरचे दोन-तीन हात, रात्रभर वाळल्यावर 400 चा पेपर, मग रंगाचे तीन-चार हात, नंतर क्लिअर लॅकर. ओघळ आला तर बोट लावू नका, वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी घासा. साधारण 400 मिलिलिटरचा एक कॅन दाराच्या खालच्या भागाला पुरतो. प्रायमर आणि लॅकर धरून तीन कॅन झाले, दोन नव्हे.

आता जी गोष्ट मुलगा ऐकणार नाही ती तुम्ही अम्मी म्हणून ऐकवा. कॅनमधला गॅस पेट घेतो. अंगणात चूल, शेगडी, अगरबत्ती, कुणाची बिडी काहीही नको, स्वयंपाकघराची खिडकी बंद. खोलीत किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात हे काम करायचंच नाही. कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. कार्बनच्या डबीचा मास्क हार्डवेअरच्या दुकानात मागा. दम्याचं माणूस, गरोदर सून, लहान मुलं घरात असतील, तर त्या दिवशी त्यांना नातलगांकडे पाठवा. दुकानदार "टू-के" कॅन देऊ लागला, ज्यात खालचं बटण दाबून हार्डनर सोडतात, तर तो घेऊ नका. त्याची चमक गॅरेजसारखी येते हे खरं, पण त्यातल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. ते काम बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लावून बूथमध्ये करायचं आहे. आपल्याकडे अनेक पेंटर नाकाला रुमाल बांधून तेच मारतात, आणि संध्याकाळी खोकला धूळीचा आहे म्हणतात.

रंग झाल्यावर आठवडाभर गाडी धुवू नका, महिनाभर पॉलिश नको. मग दाराच्या आत, पोकळीत, गंजरोधक वॅक्सचा स्प्रे मारा. भोकं मोकळी ठेवून. हा टप्पा गाडी विकायची असली तरी गाळू नका.

उरलेला कॅन गाडीत ठेवून उन्हात उभी करू नका. 50 अंशांच्या वर नेऊ नये असं त्याच्यावरच लिहिलेलं असतं, आणि बंद गाडी आपल्याकडे उन्हाळ्यात ते सहज ओलांडते. वापर झाल्यावर कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबला की नळी साफ राहते. पूर्ण रिकामा झाला तरी घरामागच्या कचऱ्यात टाकून पेटवू नका, तो फुटतो. उघड्यावर उरलासुरला गॅस सोडून द्या आणि भंगारवाल्याला सांगूनच द्या.