अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं किंवा अर्धांगाचा झटका आला, की दवाखान्यातले दिवस धावपळीत कसेबसे निघून जातात. खरी कसोटी लागते ती माणूस घरी आणल्यावर. गोळ्यांच्या वेळा सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण रोग्याच्या पाठीकडे कुणाचं लक्ष जात नाही. मग एके दिवशी अंग पुसताना माकडहाडापाशी कातडी सोललेली दिसते. हेच शय्याव्रण, म्हणजे बेडसोर. त्याची सुरुवात काही तासांत होऊ शकते. भरून यायला मात्र महिनेसुद्धा लागतात.

असं का होतं? आपण झोपेतही नकळत कूस बदलत असतो. पडून असलेल्या माणसाला ते जमत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपून राहते आणि तिथलं रक्त वाहायचं थांबतं. त्यात घामाचा, लघवीचा ओलावा असला आणि वर सरकवताना अंग चादरीवरून ओढलं गेलं, की नाजूक झालेली कातडी फाटते. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपरं, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू या जागा जास्त धोक्याच्या. मधुमेह्यांना किंवा अर्धांग झालेल्यांना तिथे दुखलेलंही कधी कधी कळत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी शुश्रूषेवरचं आपलं प्रसिद्ध पुस्तक १८५९ साली लिहिलं, ते घरात आजाऱ्याचं करणाऱ्या बायकांसाठी. रोग्याला शय्याव्रण झालं तर दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. वाचताना जरा लागतं खरं! पण शुश्रूषा करणारीला कुणी नीट शिकवलंच नसेल, तर तिला दोष कसा द्यायचा?

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगते. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना सगळ्या सूचना मुलाला सांगितल्या गेल्या, कागदही त्याच्याच हाती दिला. त्यावर इंग्रजीत ‘बॅक केअर’ आणि ‘दर दोन तासांनी पोझिशन चेंज’ असं लिहिलेलं होतं. कागद फाइलीत गेला आणि मुलगा ऑफिसला गेला. सून बिचारी सकाळ-संध्याकाळ सासूबाईंच्या पाठीला पावडर चोळत होती. नवव्या दिवशी कातडी फुटली. पुढे ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी तिला जवळ बसवून सांगितलं, “ताई, पावडर राहू द्या. आधी यांना कुशीवर कसं वळवायचं ते बघा. आता तुम्ही करा, मी बघते.” तीन वेळा करवून घेतलं तेव्हा कुठे तिला जमलं. सासूबाईंनाही सिस्टर म्हणाल्या, “आजी, चटचटलं की लगेच सांगायचं. लाजायचं नाही.” कारण मुलाला कमरेखालची जागा कशी दाखवायची, म्हणून त्या दुखणं गिळून बसल्या होत्या.

त्या सिस्टरनी शिकवलं ते असं :

कूस बदलणं. दर दोन तासांनी डावी कूस, पाठ, उजवी कूस. अगदी काटकोनात कुशीवर निजवलं तर सगळा भार खुब्यावर येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन अंग थोडंसंच कलतं ठेवावं. गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी द्यावी की टाचा गादीला टेकणारच नाहीत. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर कोणत्या कुशीवर निजवायचं, हे डॉक्टरांना आधी विचारावं. वेळापत्रक कागदावर मराठीत लिहून भिंतीला चिकटवावं. हवेची गादी आणली तरी कूस बदलणं सुटत नाही.

उचलणं. काखेत हात घालून ओढू नये. कमरेखाली आडवी घडीची चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी उचलून सरकवावं. यात आपली कंबरही वाचते. जेवताना आणि जेवणानंतर थोडा वेळ बसतं ठेवावं, पण तासन्‌तास अर्धवट बसवून ठेवलं की अंग खाली घसरतं आणि माकडहाडाची कातडी ताणली जाते.

रोज पाहणं. अंग पुसताना उजेडात सगळ्या जागा पाहाव्या. लालसर जागेवर बोट दाबून उचलावं. ती क्षणभर पांढरी पडली तर ठीक. लालच राहिली तर धोक्याची खूण समजून त्या जागेवर भार देणं ताबडतोब थांबवावं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जागा जांभळट, गरम किंवा कडक लागते का ते हाताने पाहावं. अशी जागा चोळू नये. पूर्वी स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायची पद्धत होती. पण स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि चोळल्याने आतली नाजूक झालेली जागा आणखी दुखावते. मध्ये भोक असलेली रबरी चकतीही नको, तिच्या कडेचा दाब पडतो.

स्वच्छता आणि आहार. लघवी-शौच झाल्यावर कोमट पाण्याने धुऊन, न घासता टिपून कोरडं करावं आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्यावा. रबरी कापडावर थेट निजवू नये. नुसत्या पेजेवर कातडी भरून येत नाही. दूध, दही, घट्ट वरण, उसळ, चालत असेल तर अंडं द्यावं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

फोड आला, कातडी फुटली, जागा काळी पडली, वास किंवा पू येऊ लागला, ताप आला, तर हळद, चुना, घरगुती लेप काहीही न लावता डॉक्टरांना दाखवावं.

१९८७ साली ब्रॅडन आणि बर्गस्ट्रॉम या दोन अमेरिकन परिचारिकांनी धोका ओळखण्याची एक पट्टी प्रसिद्ध केली. संवेदना, ओलावा, हिंडणं-फिरणं, कूस बदलण्याची ताकद, आहार आणि घर्षण अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. जितके गुण कमी, तितका धोका जास्त. आपल्याला गुण मांडत बसायला नको, पण या सहा गोष्टींवर रोज नजर टाकता येईल ना?

आता राहिली रात्र. दिवसभर राबलेल्या एकट्या बाईने रात्रीही दर दोन तासांनी उठावं, ही अपेक्षा बरोबर नाही. रात्रीचं अंतर थोडं वाढवलं तर चालेल का, हे सिस्टरना विचारा आणि पाळ्या लावा. आईला कूस देणं मुलालाही येतं, नातवालाही येतं. फक्त शिकवायला हवं.

म्हणून दवाखान्यातून घरी न्यायच्या दिवशी शुश्रूषा जी करणार, तिने स्वतः तिथे हजर राहावं. यजमान बिल भरतील तोवर सिस्टरना गाठावं आणि म्हणावं, “सिस्टर, एकदा करून दाखवा. आणि मी करते ते बरोबर आहे का, बघा.” वॉर्डात त्यांना कितीही घाई असो, हे विचारायचा संकोच करू नका.