शनिवारचे मौन

शुभ शुक्रवारचा शोक आणि ईस्टरचा आनंद यांविषयी दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. या दोहोंमधील शनिवारची मात्र उपेक्षाच होते. त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये वेदीवर वस्त्र नसते, घंटा मूक असतात आणि रात्रीच्या जागरविधीपर्यंत मिस्सा होत नाही. प्रभू कबरीत आहे आणि आकाश निःशब्द आहे.

अनेक श्रद्धावंतांचे आयुष्य या शनिवारीच थबकलेले असते. अपत्य गमावलेली माता प्रार्थना करते, दुर्धर व्याधीने अंथरुणास खिळलेला वृद्ध प्रार्थना करतो. उत्तर येत नाही. अशा वेळी आप्तेष्ट सहज म्हणून जातात, 'तुमची श्रद्धाच कमी पडली.' हे उद्गार निष्ठुर तर आहेतच. शिवाय ख्रिस्ती शिकवणुकीशीही ते विसंगत आहेत.

देवाने आपल्याला का टाकले, हा वधस्तंभावरील येशूचा आक्रोश मत्तय व मार्क यांनी लपविलेला नाही. तो बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा प्रश्न होय. ते स्तोत्र पुढे स्तुतीकडे वळते. अठ्ठ्याऐंशीवे मात्र अखेरपर्यंत अंधारातच राहते. तरीही पवित्र शास्त्रात त्याला स्थान आहे, कारण त्यातील गाऱ्हाणे देवापुढेच मांडलेले आहे. ज्याच्याशी नातेच उरले नाही, त्याच्यावर कोणी रुसत नाही.

मदर तेरेसा यांनी १९५० साली कलकत्त्यात आपला संघ स्थापिला. त्यांची खाजगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जग चकित झाले. संघाच्या आरंभीच्या काळापासून १९९७ मधील मृत्यूपर्यंत, अल्पसा विराम वगळता, देवाचे सान्निध्य त्यांना जाणवलेच नव्हते. ही पत्रे नष्ट व्हावीत अशी त्यांची इच्छा होती. परंतु ती उजेडात आल्यावरही ख्रिस्तसभेने २०१६ मध्ये त्यांना संतपद दिले. अंतरीचा काळोख हा श्रद्धेतील उणेपणा मानला गेला नाही. त्या काळोखातही मरणोन्मुखांची शुश्रूषा थांबली नव्हती.

म्हणून दुःखिताला ईस्टरचे सांत्वन देण्याची घाई आपण करू नये. त्याच्याजवळ मूकपणे बसावे. त्याची तक्रारही प्रार्थना म्हणून ऐकावी. गालीलातील स्त्रियांनी तो शनिवार शब्बाथ पाळून काढला आणि पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन त्या कबरीकडे निघाल्या. पुनरुत्थानाची आशा त्यांना नव्हती. एका मृतदेहाची अखेरची सेवा तेवढी करावयाची होती. रिकाम्या कबरीची वार्ता प्रथम कळली ती त्यांनाच.