उपवासाचे जमते, मग हे का नाही?

हॉटेलात कुणी ‘कांदा-लसूण नको’ म्हटले, की वेटर निमूटपणे टिपून घेतो. ‘जैन पावभाजी’ म्हटले तर त्याला पुढचे काही विचारावेही लागत नाही. आषाढी एकादशीला तर गावोगावच्या छोट्या हॉटेलांतही साबुदाणा वड्यासाठी वेगळी कढई चढते. मात्र एखाद्या आईने ‘यात गहू, मैदा, रवा आहे का? माझ्या मुलाला चालत नाही’ असे विचारले, की उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘काही होत नाही हो ताई, थोडंसंच असतं.’

या उत्तरामागे वाईट हेतू नसतो. गिऱ्हाइकाला धीर द्यावा, एवढाच विचार असतो. पण ज्या मुलाला सिलिअ‍ॅक आजार आहे, त्याच्यासाठी हे ‘थोडंसं’च घातक असते.

गहू आणि जव म्हणजे सातू यांसारख्या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सिलिअ‍ॅक आजारात हे प्रथिन पोटात गेले, की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या, अन्नरस शोषून घेणाऱ्या बारीक लव झिजून सपाट होतात. मग मूल कितीही खाल्ले तरी अंगी लागत नाही. वारंवार जुलाब, फुगलेले पोट, न वाढणारे वजन ही याची ओळखीची लक्षणे. काही मुलांत मात्र पोटाची तक्रारच नसते. उंची खुंटते किंवा लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही. जगात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार असतो. आपल्याकडे गहू जास्त खाणाऱ्या उत्तर भारतात तो अधिक आढळतो, पण महाराष्ट्रातही तो दुर्मीळ नाही.

गव्हाशी असलेले त्याचे नाते नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. बाकीचे लोक उपाशी असताना सिलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारली. आहारातल्या गव्हाविषयी डिके यांना आधीपासूनच शंका होती. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात ती सप्रमाण मांडली. तेव्हापासून आजवर उपचार तोच आहे : आयुष्यभर ग्लुटेन बंद.

‘थोडंसं’ म्हणजे किती, हेही पाहू. दररोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिले, तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होऊ शकते, असे अभ्यासांत दिसले आहे. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे पोळीचा जेमतेम पन्नासावा तुकडा. एवढे तर पोळपाटावर सांडलेल्या पिठातूनही जाऊ शकते. शिवाय असे खाल्ल्यावर प्रत्येक मुलाला लगेच त्रास होतोच असे नाही. त्यामुळे नातेवाईक म्हणतात, ‘बघा, काही झालं का?’ झालेले असते. पण ते आतड्यात असते, चेहऱ्यावर दिसत नाही.

‘चालत नाही’ या एकाच शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी भरतो, हीदेखील अडचण आहे. दुधातली साखर न पचणाऱ्या मुलाच्या आतड्यात लॅक्टेज हे पाचकद्रव्य कमी पडते. त्याला पेलाभर दुधाने पोटदुखी होते, पण वाटीभर दही किंवा ताक अनेकदा सोसते. तिथे प्रमाणाला अर्थ आहे. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल, तर भाजीतले चमचाभर दाण्याचे कूटही काही मिनिटांत श्वास कोंडू शकते. तिथे अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार आणि तो तातडीने लागतो. सिलिअ‍ॅक या दोन्हींहून निराळा : झटका नाही, पण सूटही नाही. आपल्या मुलाचा प्रकार कोणता, हे पालकांना नेमके सांगता आले, तर समोरच्यालाही त्याचे गांभीर्य कळते.

त्यातच गव्हाला लपायला आपल्या स्वयंपाकघरात जागा भरपूर. पोळी आणि पाव दिसतात. बाकीचे दिसत नाहीत. बाजारातल्या हिंगाच्या डबीत निव्वळ हिंग थोडा असतो; त्यात डिंक आणि पीठ मिसळलेले असते आणि हे पीठ बऱ्याचदा गव्हाचे असते. म्हणजे फोडणीचे वरण आणि सांबारही विचारूनच घ्यावे लागते. चायनीज पदार्थांतल्या सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो. सूप आणि ग्रेव्ही दाट करायला मैदा लावतात. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. इडली-डोसा तांदूळ-उडदाचा असला, तरी काही ठिकाणी पिठात रवा किंवा मैदा घालतात. बटाट्याचे वेफर्स निर्धोक, पण ते समोसे तळलेल्या तेलात तळले तर नाहीत. ज्वारीची भाकरीसुद्धा कणकेच्या परातीत थापली, की कामातून गेली.

वेटरला हे सगळे माहीत असावे, अशी अपेक्षा कुणी करू नये. अपेक्षा एवढीच, की माहीत नसेल तर त्याने ‘माहीत नाही, आचाऱ्याला विचारून सांगतो’ असे म्हणावे. ‘काही होत नाही’ या दिलाशापेक्षा ‘माहीत नाही’ हे उत्तर मुलाला कितीतरी सुरक्षित असते.

कायदा काय सांगतो? भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलविषयक नियमांनुसार पाकिटावर ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, शेंगदाणे अशा अ‍ॅलर्जीकारक घटकांची नोंद बंधनकारक आहे. ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचे, तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. हॉटेलांपैकी मात्र केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांनाच ही माहिती ग्राहकाला देण्याचे बंधन आहे. एसटी स्टँडजवळची खानावळ, हमरस्त्यावरचा ढाबा, गल्लीतले उडपी हॉटेल त्याबाहेर राहते. आणि सरकारी रुग्णालयात येणारी कुटुंबे जेवतात ती तिथेच. युरोपीय संघात डिसेंबर २०१४पासून छोट्या-मोठ्या सर्व खाणावळींना १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते. आपल्याकडेही या दिशेने जायला हवे. सुरुवात दंडाने नको, शिकवण्याने व्हावी. प्राधिकरणाच्या ‘फॉस्टॅक’ प्रशिक्षणात आचाऱ्यांना हा विषय मराठीत, परात आणि कढई समोर ठेवून शिकवता येईल.

हे आपल्याला जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही. भांडी वेगळी ठेवणे, तेल वेगळे ठेवणे, हात धुऊन पुढच्या पदार्थाला लावणे ही शिस्त उपवासाच्या आणि जैन जेवणासाठी आपली हॉटेले पाळतातच. उपवासाचा फराळ तर सिलिअ‍ॅकच्या मुलाला बराचसा सोयीचा : साबुदाणा, वरी, राजगिरा, बटाटा. (शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला मात्र तोच धोक्याचा.) शिवाय ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ हे आपले रोजचेच अन्न. परदेशी पद्धतीचा ग्लुटेनमुक्त पिझ्झा महाग पडतो; वेगळ्या परातीत थापून वेगळ्या तव्यावर भाजलेल्या भाकरीला जास्तीचा खर्च जवळपास नाही. व्रताची पथ्ये आपण विनातक्रार मानतो. मुलाचे पथ्य मानायला तेवढाच आदर पुरे.

फॅशन म्हणून ‘ग्लुटेन-फ्री’ खाणाऱ्यांनीही थोडे भान ठेवावे. वजन कमी करण्यासाठी पोळी सोडलेला माणूस ‘मला गहू अजिबात चालत नाही’ म्हणतो आणि शेवटी गुलाबजाम मागवतो, तेव्हा पुढच्या टेबलावरच्या आईवर वेटरचा विश्वास बसत नाही. आणि मुलाला सिलिअ‍ॅक असल्याची शंका आली, तर तपासणीआधीच गहू बंद करू नये. रक्ताची टीटीजी चाचणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा नमुना, दोन्हींचे निकाल मूल गहू खात असतानाच खरे येतात.

पालकांच्या हातातही बरेच काही आहे. हॉटेलात गर्दी नसेल अशा वेळी जावे किंवा आधी फोन करावा. ‘ग्लुटेन’ न म्हणता गहू, मैदा, रवा, पाव, हिंग, सोया सॉस अशी नावे घेऊन विचारावे. तेच मराठी-हिंदीत एका चिठ्ठीवर लिहून ती आचाऱ्यापर्यंत पोहोचवावी. घरची भाकरी सोबत न्यावी. ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’ अशी पाटी लावणाऱ्या मालकांनी अशा मुलाच्या डब्यापुरती ती बाजूला ठेवायला हरकत नसावी. आणि मूल सात-आठ वर्षांचे झाले, की त्याला स्वतः विचारू द्यावे. पुढे आयुष्यभर त्यालाच विचारायचे आहे.

अनेक कुटुंबे शेवटी कंटाळून बाहेर जाणेच सोडतात. लग्नाला एकटे वडील जातात, आई मुलाला घेऊन घरी राहते. वाढदिवसाला केक कापताना मूल कोपऱ्यात उभे असते. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा. तो नाकारला तर यजमानांना वाईट वाटते, घेतला तर मुलाला. प्रसादाचे केळे हातावर ठेवले, तर हा पेच पडत नाही. आतडे गहू सोडल्यावर भरून येते. चारचौघांच्या पंक्तीतून सतत बाजूला बसवलेल्या मुलाच्या मनाचे तसे नसते. म्हणून त्याला घरी ठेवणे हा उपाय नाही. त्याला सोबत न्यावे आणि त्याचे ताट ज्याच्या हाती आहे त्याने, तो आचारी असो, यजमान असो की मावशी, वाढण्याआधी एकदा विचारावे : ‘बाळा, तुला यातलं काय चालतं?’