खाडी आडवी येत नाही

आमच्या पुतण्याने पुढच्या महिन्यातल्या कोकण सहलीचा आराखडा परवा माझ्यासमोर ठेवला. "काका, एकदा नजर घाला," म्हणाला. अलिबाग ते मालवण, दिवस चार, किल्ले अकरा. प्रत्येक ठिकाणापुढे पोचायची वेळ, निघायची वेळ आणि मधले किलोमीटर. कुलाबा, रेवदंडा, कोर्लई, जंजिरा, बाणकोट, सुवर्णदुर्ग असे करीत थेट सिंधुदुर्गापर्यंत. पहिलीच नोंद होती: शनिवार, साडेअकरा ते साडेबारा, कुलाबा किल्ला. मी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. त्या शनिवारी पौर्णिमा होती.

आमच्या पिढीला शाळेत पाऊणकीचे पाढे घोकावे लागत. त्यांचा पुढे आयुष्यात एकच खरा उपयोग झाला, तो किनाऱ्यावर. तिथीला पाऊणने गुणले की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते, असे कोकणातले जुने गणित आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्यात सुमारे सहा तास मिळवले की ओहोटी. वेळ मिनिटाला बरोबर येत नाही, पण किल्ल्यात अडकून पडण्यापासून माणूस वाचतो. म्हणजे आमचे चिरंजीव ज्या वेळी कुलाब्याला चालत निघणार होते, त्या वेळी समुद्राला उधाण असणार आणि किल्ला पाण्याच्या मधोमध. तोच बेत दोन-तीन दिवस पुढे, तृतीयेला ढकलला तर सकाळी आठच्या सुमारास पाणी चांगले दूर गेलेले असते आणि पायी जाऊन परत येता येते.

चूक एकट्या पुतण्याची नाही. किनाऱ्याची सहल आपण सगळेच रस्त्याच्या बाजूने आखतो. नकाशावर वरून खाली एक रेघ ओढायची आणि तिच्यावरचे ठिपके जोडायचे. मग खाडी आली की कपाळाला आठी पडते. आगरदांड्याला थांबा, बागमांडल्याला थांबा, दाभोळला थांबा, तवसाळला थांबा. गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट पलीकडच्या काठावर असते, आणि अलीकडे आपण घड्याळ पाहत उभे. दाभोळ-धोपावे अशी पहिली बोट २००३ साली सुरू झाली तेव्हा चिपळूणचा वळसा वाचला म्हणून लोक हरखले होते. आता त्याच बोटीचे हॉर्न वाजेपर्यंत थांबणे आपल्याला जड जाते.

गंमत अशी की, ज्या इतिहासासाठी आपण एवढे पेट्रोल जाळतो, त्याच्या दृष्टीने खाडी हा अडथळा नव्हताच. तोच रस्ता होता. घाटमाथ्यावरून बैलांच्या पाठीवरून उतरलेला माल खाडीच्या आतल्या बंदरात येई, तिथून होड्यांनी मुखापर्यंत आणि पुढे गलबतांनी दूरदेशी. सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूणचे गोवळकोट, अर्जुनेवर राजापूर, वाघोटणवर खारेपाटण. ही गावे आज महामार्गावरची किंवा महामार्गाजवळची म्हणून आपण ओळखतो, पण ती घडली पाण्यामुळे. शिवाजीमहाराजांनी १६६१ साली इंग्रजांची वखार लुटली ती राजापूरला, समुद्रापासून कितीतरी आत, ती उगाच नव्हे. खाडीच्या तोंडावरचा किल्ला हा त्या रस्त्यावरचा नाका. नाका पाहायचा आणि रस्ता पाहायचाच नाही, अशी आपली इतिहासाची सहल!

एकच उदाहरण घेतो, विजयदुर्गाचे. पुतण्याच्या कागदावर त्याला दीड तास होता. दीड तासात काय होते, तर तटावर फोटो होतात आणि हेलियम वायूचा शोध इथेच लागला ही गोष्ट ऐकून होते. ही गोष्ट आपण सर्वांनी इतक्या अभिमानाने सांगितली आहे की ती खोडताना वाईट वाटते. ज्या ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेघ प्रथम दिसली, ते १८ ऑगस्ट १८६८ चे. त्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडात. लॉकियर विजयदुर्गावर आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. 'साहेबाचे ओटे' म्हणतात ते खरे आहेत, साहेबही खरा आहे, फक्त सन चुकले आहे. आणि खऱ्या हकिगतीत काय कमी आहे? खग्रास ग्रहणाची वेधशाळा मांडायला साहेबाला आंग्र्यांचा किल्ला निवडावासा वाटला, हे पुरेसे नाही?

पण दीड तासात जे राहून जाते ते वेगळेच आहे. किल्ल्यापासून थोडे खाडीत आत गेले की खडकात कोरलेली आंग्र्यांची गोदी आहे. गलबते दुरुस्तीला इथे येत. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार या बंदरात आगीने जळून गेले. त्या हल्ल्यामागे पेशव्यांची संमती होती, हे आपल्याला फारसे सांगायला आवडत नाही. त्याच वर्षीच्या तहात विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि बाणकोट इंग्रजांना मिळाले. खाडीने आणखी आत गेलात तर खारेपाटण. तिथे सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या ताम्रपटाचे साल १००८. म्हणजे एका खाडीच्या दोन टोकांमध्ये शिलाहारांपासून लॉकियरपर्यंतची जवळजवळ नऊशे वर्षे पडलेली आहेत. आणि आम्ही तिला दीड तास देतो, कारण संध्याकाळी मालवणला हॉटेल ठरलेले असते.

रेवस ते रेडी या सुमारे पाचशे किलोमीटरच्या सागरी महामार्गाचे स्वप्न अंतुले मुख्यमंत्री असतानाच्या काळातले. मोठ्या खाड्यांवर पूल बांधून तो सलग करायचे आता ठरले आहे. पूल व्हायलाच हवेत, हे मी आधीच सांगून टाकतो. बोट धक्क्याला लागून रात्र पडली की पलीकडच्या गावातल्या अडलेल्या बाईला, साप चावलेल्या पोराला काय करायचे? आपल्या दोन दिवसांच्या काव्यासाठी त्यांनी जन्मभर बोटीची वाट पाहावी असे म्हणणे हा शुद्ध अप्पलपोटेपणा आहे. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर इथले पूल झाले म्हणून कोणी रडले नाही.

माझे भांडण आहे ते पुलानंतरच्या रस्त्याशी. कोकणातली किनाऱ्याची गावे म्हणजे एक चिंचोळा रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या. तो रस्ता रुंद केला की वाडी जाते, वाडी गेली की गाव जाते, आणि उरतात ती पाटीवरची नावे. भरधाव वाहतूक गावाबाहेरून न्या, गावात शिरायला जुना रस्ता तसाच ठेवा, एवढे मागणे अवाजवी नाही. आणि पूल झाला म्हणून धक्का मोडीत काढू नका. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राशी जोडलेले. यांपैकी तिघांना होडीशिवाय पोचताच येत नाही. तेव्हा होडी नीट चालवणे, तिच्यावर पुरेसे जीवरक्षक पट्टे असणे, चढायला-उतरायला म्हाताऱ्या माणसाला जमेल असा धक्का असणे, हे त्या यादीतल्या मानाचे पहिले काम आहे. पाचशे किलोमीटरचे डांबर त्याच्या नंतर.

आणि खाडीतून आतपर्यंत प्रवासी होडी का असू नये? दाभोळहून गोवळकोट, विजयदुर्गाहून वर वाघोटण. गाळ साचला आहे हे मान्य. सगळीकडे जमणार नाही हेही मान्य. पण जिथे भरतीच्या पाण्यावर जाता येते तिथे तरी करून पाहावे. मुक्काम झाला की गावातल्या घरात जेवण होते, चार पैसे तिथे राहतात. पुलावरून सुसाट जाणाऱ्या गाडीतून गावाला मिळते ती धूळ.

हे सगळे मी पुतण्याला ऐकवले. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, म्हणजे अकरा किल्ल्यांचे दोन करू?" मी म्हटले, दोन नको, तीन कर. एक दिवस कुलाबा, मग दाभोळची खाडी, मग विजयदुर्ग. मधले जे राहील ते पुढच्या वर्षी. दाभोळला बोटीतून उतरणार असशील तर धक्क्याजवळच्या जुन्या मशिदीत आधी डोकाव. मक्केला जाणारे यात्रेकरू या बंदरातून गलबतात चढत. बोट चुकली तर बरेच.

त्याने कॅलेंडर मागितले आणि तिथ्या बघत बसला. तृतीया मंगळवारी येते. सोमवारपासून रजा मिळते का, ते तो कचेरीत विचारणार आहे.