बहात्तरावा हिस्सा

लातुरात चाळिशीनंतर माणसाला तीन छंद माफ आहेत : प्लॉट घेणे, दुसऱ्याच्या पोरांचे मार्क विचारणे आणि आज तूर काय भावाने गेली याची चौकशी करणे. यात न बसणारे काही तुम्ही करू लागलात, की लोक आधी तुमच्या तब्येतीची विचारपूस करतात आणि मग तुमच्या बायकोची. मी विमाने करतो. म्हणजे बँकेतून आलो, चहा झाला, की जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरतो आणि एकास बहात्तर मापाची लढाऊ जेट विमाने जोडतो, घासतो, रंगवतो. वर त्यांच्या शेपटीवर आपल्या हवाई दलातल्या स्क्वाड्रनची चिन्हे तीन केसांच्या ब्रशाने काढतो. आत्ता तुम्ही हसलात ना, ते हसू मला पाठ आहे.

"काय करायलाव साहेब, पोरासाठी का?" असं विचारणाऱ्याशी माझं भांडण नाही. 'हो' म्हटलं की तो जातो. भांडण आहे ते "पण याचा उपयोग काय?" म्हणणाऱ्याशी. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. कुठल्याही रस्त्याने जा, हा प्रश्न समोरून येतोच. आणि विचारणारा कोण? तर दिवाणखान्यात काचेचा राजहंस आणि प्लास्टिकची द्राक्षे मांडून बसलेला गृहस्थ!

एकास बहात्तर म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. मी साडेपाच फुटी. म्हणजे इंचभरही नाही. (साहेबांच्या केबिनमध्ये मी साधारण याच मापाचा असतो.) आपलं नॅट विमान या मापात जेमतेम बारा सेंटिमीटर भरतं, भाकरीपेक्षा लहान. पण 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरच्या धावपट्टीवर बाँब पडत असताना निर्मलजितसिंग सेखाँ अशाच एका नॅटमध्ये बसून उडाले आणि सहा सेबर विमानांना एकटे भिडले. ते परतले नाहीत. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र ते. त्यांची स्क्वाड्रन अठरा नंबरची, 'फ्लाइंग बुलेट्स'.

माझ्या हाती लागलेल्या विलायती डब्यात मात्र नॅट निघालं ते दोन बैठकींचं, शिकाऊ, पंखाने मोठं, आणि वर इंग्रजांच्या कसरतपथकाचा लालभडक रंग सुचवलेला. मी त्याचं नाक कापलं, पंख खुडले, लांबी फूटपट्टीने तपासली, चार महिने घासलं. आमचे एक सहकारी म्हणाले, "एवढं कशाला? रंग मारा आणि शेपटीवर आपलं नाव टाका. कोण बघतंय?"

कोण बघतंय! जन्मभर लेजर लिहिलेला माणूस हे बोलतो! एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर पडले तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसून चूक शोधतो. मग एकाचं शौर्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा केलेलं कसं चालेल? शेपटीवरचं चिन्ह म्हणजे खातेनंबर आहे हो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी 2019 नंतरचे गणपतीचे देखावे आठवावेत. बालाकोटवर गेली मिराज, तिला शेपटी एक. आमच्या गल्लीतल्या मिराजला दोन होत्या! पंखावरच्या चक्रात केशरी मध्यभागी आणि हिरवा बाहेर असतो. तिथे उलटं होतं. त्याच्याखाली उभं राहून भाषण झालं, देशभक्तीवर. मी कार्यकर्त्यांना चूक दाखवली तर मलाच विचारलं, "काका, वर्गणी दिली का?"

आता नवा मुद्दा निघालाय. 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला मिग-21 निवृत्त झाली. 1963 पासूनची नोकरी, बासष्ट वर्षं. बँकेत इतकी कुणाला करू देत नाहीत. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला ही विमानं बांधली गेली. "मग आता भंगार विमान कशाला करता?" अहो, उडत होती तेव्हा बघायला ती स्वतः होती! शेवटच्या तेवीस नंबरच्या स्क्वाड्रनचा, पँथर्सचा, काळा पँथर मी पाच वेळा पुसला. चार वेळा तो मांजर दिसत होता.

पाण्याचा हिशेबही देऊन ठेवतो. छापील चिन्ह भिजवून सरकवायला अर्धी वाटी पाणी लागतं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हाही तेवढंच लागलं आणि उरलेलं तुळशीला गेलं.

पण खरा संताप वेगळाच आहे. समोरचा मुलगा अकरावीत असताना रविवारी तासभर यायचा. उदगीरच्या पुढे बिदरला सूर्यकिरण पथकाचं ठाणं. त्यांचं लाल-पांढरं हॉक त्याला करायचं होतं. तीन रविवारांत त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर झाला. चौथ्या रविवारी वडील आले.

"सर, यानं नीटला मार्क वाढतेत का?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते बूट घालून उभे होते. डॉक्टर करायचाय ना पोराला? मग अर्ध्या मिलिमीटरची रेघ न थरथरता ओढणारा हात कुठल्या क्लासमध्ये शिकवतात, कितव्या मजल्यावर, फी किती? हे मी त्यांच्या पाठीला विचारलं.

हॉक कपाटावर आहे. एक पंख लाल झालाय, दुसरा कोरा. परीक्षा मे महिन्यात. त्या पंखाला मी हात लावणार नाही. लाल रंग बाटलीत वाळू नये म्हणून आठवड्यातून एकदा तेवढा हलवून ठेवतो.