खाण मिटली, ढिगारा उरला

कोळशाची खाण बंद झाली की तिच्या आधाराने वसलेल्या गावाचे खाणीशी नाते संपते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वेल्समधील अ‍ॅबरव्हॅन या गावाचा इतिहास ही समजूत खोटी ठरवितो. १८६९ मध्ये तेथे मर्थर व्हेल खाण खोदण्यास आरंभ झाला आणि खाणकामगारांची वस्ती उभी राहिली. निघालेला कोळसा विकला गेला. त्याबरोबर निघालेली दगडमाती मात्र गावाच्या माथ्यावरील डोंगरउतारावर रचली गेली.

१९४७ मध्ये ब्रिटनमधील खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. मालक बदलला, रीत बदलली नाही. १९५८ पासून सातवा ढिगारा तर झऱ्यावरच रचण्यात आला. नगरपालिकेच्या अभियंत्याने १९६३ मध्येच शाळेमागील धोका लेखी कळविला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास तो ढिगारा पँटग्लास प्राथमिक शाळेवर आणि शेजारच्या घरांवर कोसळला. ११६ मुले व २८ प्रौढ मृत्युमुखी पडले. १९६७ च्या चौकशी अहवालाने राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी ठरविले. परंतु एकाही अधिकाऱ्यावर खटला भरला गेला नाही.

यापुढील वर्तन तर अधिकच लज्जास्पद होते. उरलेले ढिगारे हलवावेत, ही गावकऱ्यांची मागणी शासनाने अखेर मान्य केली; पण त्या खर्चासाठी, दुःखितांकरिता लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच १९६८ मध्ये दीड लाख पौंड घेतले! ती रक्कम परत मिळावयास १९९७ साल उजाडले, आणि तीही व्याजाविना. तोपर्यंत, १९८९ मध्ये, खाणच बंद झाली होती.

वेल्समध्ये आजही अडीच हजारांहून अधिक जुने ढिगारे उभे आहेत. फेब्रुवारी २०२० मधील वादळी पावसात टायलर्सटाउन येथील ढिगारा घसरला आणि प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्यांच्या देखरेखीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्याचा कायदा २०२५ मध्ये झाला. म्हणजे अ‍ॅबरव्हॅननंतर तब्बल ५९ वर्षांनी.

मालकी खाजगी असो वा राष्ट्राची, ज्याने कोळसा नेला त्यानेच ढिगारा निस्तरला पाहिजे. खाण उघडतानाच त्यासाठी निधी राखून ठेवणे, हा उपकार नव्हे, कर्तव्य आहे. राष्ट्राच्या नावाने चालणाऱ्या उद्योगाला तर या कर्तव्यातून मुळीच सुटका नाही. गाव म्हणजेच राष्ट्र नव्हे काय?